आम्ही किडनीवाले

लॅबमधले किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. फ्रीजरच्या मागच्या बाजूला बर्फ साठतो तसे ते साठत जातात, आणि एक दिवस दारच लागेनासं होतं. माझं दार आता लागत नाहीये, म्हणून सांगून टाकतो.

दोन हजार सातच्या पुढची पाचेक वर्षं मी पनवेलमधल्या एका छोट्या संशोधन केंद्रात होतो. नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून माझ्यावर संशय घेऊ शकतात! आमचं काम थोडक्यात सांगायचं तर असं : गर्भात मूत्रपिंड तयार होत असतं तेव्हा त्यात रक्तवाहिन्या कुठून येतात, आणि त्यांना 'इकडे या' असं कोण सांगतं? सांगणारं एक प्रोटीन असतं, व्हीईजीएफ. वाढणाऱ्या पेशी ते सोडतात आणि रक्तवाहिन्यांच्या पेशी त्याचा माग काढत येतात. झालं, एवढंच. पण 'मूत्रपिंड' म्हटलं की समोरच्याला काही कळायचं नाही, आणि 'किडनी' म्हटलं की नको ते कळायचं!

लॅबमध्ये आम्ही चौघं. टिळेकर मॅडम प्रमुख. सडपातळ, कडक, आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या. सुवर्णा पीएच.डी. करणारी, उरणकडच्या कोळीवाड्यातली, लॅबमधली सगळ्यात हुशार मुलगी. बळीरामकाका लॅब अटेंडंट, जवळच्याच गावातले, बापजाद्यांचं मिठागर गेलं तेव्हा नोकरीला लागलेले. आणि मी परब, ज्युनिअर रिसर्च फेलो, म्हणजे पडेल ते काम.

या सगळ्याच्या मागे एक गोष्ट सतत चालू होती, ती आधीच सांगतो. सुवर्णाची पीएच.डी.ची नोंदणी त्या वर्षी मार्चअखेर संपत होती. तोपर्यंत प्रबंध जमा झाला नाही तर नोंदणी रद्द आणि पाच वर्षं पाण्यात. प्रबंध लिहून तयार होता. पहिल्या पानावर मॅडमची सही तेवढी हवी होती. आणि मॅडमचा तिच्या निष्कर्षावर विश्वास बसत नव्हता!

*

सुरुवात माझ्या खोलीपासून करतो. रोडपालीला एक वन रूम किचन बघितलं. मालक भले गृहस्थ, चहा झाला, भाडं ठरलं. उठता उठता त्यांनी सहज विचारलं, "काम काय करता?"

मी नवीन होतो, उत्साही होतो. म्हटलं, "किडनीवर काम करतो."

मालकांचा हात नकळत कमरेवर गेला. आतून पातेलं खाली ठेवल्याचा आवाज आला. मग मालकीणबाई बाहेर आल्या आणि मला न विचारता माझा अर्धा चहा उचलून घेऊन गेल्या.

"म्हणजे डॉक्टर?" मालक.

"नाही."

"मग डॉक्टर नसताना किडनीवर…?"

मी अर्धा तास समजावलं. उंदराची किडनी, मोहरीच्या दाण्यापेक्षा लहान, कोंबडीच्या अंड्यात ठेवतो, मग बघतो त्यात रक्त कुठून येतं. जितकं समजावत गेलो तितकं त्यांचं तोंड उतरत गेलं. शेवटी दोघं नवरा-बायको आत जाऊन कुजबुजून आले.

"खोली देतो," मालक म्हणाले, "पण एक अट हाय. फ्रिज ठेवायचा नाय!"

तीन वर्षं राहिलो तिथे. उन्हाळ्यात माठातलं पाणी प्यायलो.

*

आमच्या प्रयोगाला आठ दिवस उबवलेली अंडी लागायची. कवचाला छोटी चौकोनी खिडकी पाडायची, आतल्या पातळ पडद्यावर उंदराच्या गर्भाची किडनी अलगद ठेवायची, वर चिकटपट्टी लावायची आणि अंडं परत उबेत ठेवायचं. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या त्या किडनीत शिरतात का, ते बघायचं. ही अंडी उबवणी केंद्रातून आणायला बळीरामकाका आणि मी जायचो. खोक्यात कापूस, वर काकांची घोंगडी, आणि खोकं मांडीवर.

एकदा कळंबोली सर्कलला नाकाबंदी होती. हवालदाराने रिक्षा थांबवली, घोंगडी उचलली, अंड्याला हात लावला आणि चमकला.

"गरम कशी काय?"

"उबवलेली आहेत, साहेब," मी म्हटलं.

"उकडलेली?"

"नाही, उबवलेली."

"फोडली तर ऑमलेट होईल?"

"नाही होणार."

"उकडली नाहीत, कच्ची नाहीत, ऑमलेट होत नाही, तरी गरम आहेत!" हवालदाराने शिट्टी वाजवून दुसऱ्या हवालदाराला बोलावलं. मी ओळखपत्र शोधायला लागलो. त्यावर केंद्राच्या नावात 'रीनल' असा शब्द होता, तो त्याने दोनदा वाचला. "रीनल म्हणजे?"

'किडनीचं' असं सांगायला मी तोंड उघडणार एवढ्यात काकांनी माझ्या पायावर पाय दिला. खोली बघायला गेलो तेव्हाची कथा त्यांना ठाऊक होती.

"सायेब," काका हात जोडून म्हणाले, "आयशीच्या पोटाखालनं आताच उठल्यान. थंडी लागंल त्यांना. जाऊ द्या."

हवालदाराने स्वतःच्या हाताने घोंगडी नीट केली!

*

टिळेकर मॅडमच्या लाल पेनाला आम्ही सगळे घाबरायचो. त्या काही खोडत नसत. नुसतं एक प्रश्नचिन्ह काढायच्या. वहीतल्या आकड्यासमोर, चित्राखाली, माझ्या रजेच्या अर्जावर. 'बहिणीचं लग्न' असं लिहिलं होतं मी, 'लग्न'वर प्रश्नचिन्ह!

एकदा ऑफिसमधला क्लार्क पेढे घेऊन आला. उजळलेला चेहरा, नवा शर्ट. "मॅडम, मुलगा झाला!"

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "कशावरून?"

तो बिचारा पेढ्यांचा बॉक्स हातात धरून उभाच राहिला. मॅडमच्या लक्षात आलं तेव्हा त्यांनाच वाईट वाटलं. "अभिनंदन," त्या घाईघाईने म्हणाल्या आणि एक पेढा उचलला. मग बॉक्सवरची तारीख बघितली.

*

आता कॅन्टीनच्या अण्णाचं. आमच्या लॅबमध्ये अंड्यांचे ट्रे येतात हे सगळ्या बिल्डिंगने बघितलं होतं. वापरून झालेल्या अंड्यांची विल्हेवाट नियमाप्रमाणे लागते, हे कोणीच बघितलं नव्हतं. कुणीतरी पुडी सोडली की अण्णाची भुर्जी आमच्या अंड्यांची असते. दोन दिवसांत भुर्जी खाणं बंद. लोक पोह्यातसुद्धा काहीतरी शोधायला लागले.

अण्णा रडकुंडीला येऊन मॅडमकडे आला. "मॅडम, एक लेटर द्या. कॅन्टीनची अंडी तुमची नाहीत असं लिहून द्या. भिंतीवर लावतो."

मॅडम न्यायी बाई. लगेच लेटरहेड काढलं. पण खोटं सोडा, न तपासलेलं एक अक्षरही त्या लिहायच्या नाहीत. दहा मिनिटं विचार करून त्यांनी लिहिलं : 'कॅन्टीनमध्ये वापरली जाणारी अंडी आमच्या प्रयोगशाळेतली आहेत, असे मानण्यास सध्या तरी पुरेसा पुरावा उपलब्ध नाही.' खाली सही, शिक्का.

अण्णाने ते एकदा वाचलं, घडी करून खिशात घातलं आणि भुर्जी मेनूतून काढून टाकली.

*

मग मंगळवारचं प्रकरण झालं. दर बुधवारी सकाळी येऊन बघावं तर अंड्यांतले गर्भ मेलेले. एक आठवडा, दोन आठवडे, तीन. फक्त मंगळवारच्या रात्रीच. सुवर्णाचे चाळीस-चाळीस ग्राफ्ट, म्हणजे अंड्यात ठेवलेल्या किडन्या, एका दमात वाया. मार्च तर समोर दिसत होता.

लॅबमधलं वातावरण इतकं बिघडलं की विचारू नका. सुवर्णाला वाटायचं मी इनक्युबेटरचं दार नीट लावत नाही. मला वाटायचं तिचं सलाइन खराब आहे. मॅडमना आम्हा दोघांचा संशय. आम्ही एकमेकांशी चिठ्ठ्या लिहून बोलायला लागलो. मी तर एकदा तिच्या ड्रॉवरमध्ये डोकावून सलाइनची बाटली हुंगली. आज त्याची लाज वाटते.

बळीरामकाकांचं निदान स्वतंत्र होतं. "नजर," ते म्हणाले, आणि दोन्ही इनक्युबेटरना लिंबू-मिरच्या बांधल्या.

मॅडम आल्या. आता काकांची काही धडगत नाही, असं आम्हाला वाटलं. मॅडमनी एका इनक्युबेटरवरचं लिंबू बघितलं, मग दुसऱ्यावरचं.

"बळीराम, दोन्हींना का बांधलंत?"

"मंजे?"

"एकाचं काढा. नाहीतर लिंबाने गुण आला हे कळणार कसं?"

पुढच्या मंगळवारी दोन्ही इनक्युबेटरमधले गर्भ मेले. वहीत मॅडमनी नोंद केली, 'लिंबू : परिणाम नाही', आणि काकांनी ती नोंद मनाला लावून घेतली.

खरा प्रकार कळला तो असा. मंगळवारी आमच्या वॉचमनची सुट्टी. बदली वॉचमन होता भलताच प्रामाणिक माणूस. संध्याकाळी फेरी मारताना त्याला खिडकीतून लॅबमध्ये लाल दिवा दिसायचा. तो किल्ली घेऊन आत जायचा, बटण बंद करायचा आणि सकाळी सगळे यायच्या आधी परत चालू करून ठेवायचा, म्हणजे कोणाची तक्रार नको!

"आत कोणी नव्हतं, मॅडम," तो छाती काढून म्हणाला, "आणि लाइट फुकट जळत होती."

"आत चाळीस जण होते," सुवर्णा म्हणाली, आणि तिला एकदम रडू फुटलं.

मी चिठ्ठी लिहून तिची माफी मागितली. बोलायची सवय गेली होती ना!

*

जानेवारीत सुवर्णाची आई लॅबमध्ये आली. बाजारात मासे विकणाऱ्या बाई, डोक्यात अबोलीचा गजरा, बोलणं लॅबच्या या टोकाहून त्या टोकाला ऐकू जाणारं. दारात उभ्या राहून त्यांनी एकेका यंत्राकडे असं बघितलं की जणू ही यंत्रं पोरीची पाच वर्षं खाऊन बसलीत.

"कवा सपनार ह्या?" त्यांनी मलाच विचारलं. "पाच वरसा जाली. आमच्या आळीतल्या पोरी शाळंत गेल्या, कालेजात गेल्या, नोकरीला लागल्या. हीच येक अंडी फोडतं!"

सुवर्णाने त्यांना मायक्रोस्कोपवर बसवलं. मायक्रोस्कोपखाली ठेवायच्या आमच्या काचांमध्ये रंग चढवल्यावर कोंबडीच्या पेशी हिरव्या दिसायच्या आणि उंदराच्या लाल. किडनीतली रक्तवाहिनी हिरवी असली, तर ती बाहेरून, कोंबडीकडून आत शिरलेली. लाल असली, तर किडनीने ती स्वतःच तयार केलेली. सुवर्णाचा दावा असा होता की एरवी हिरव्या वाहिन्या आत येतात, कारण किडनी त्यांना व्हीईजीएफचा सिग्नल देऊन बोलावते. औषध घालून तो सिग्नल बंद केला, तर हिरव्या बाहेरच थांबतात आणि आत घरच्या थोड्या लाल तेवढ्या उरतात. पाच वर्षांचं काम ते एवढंच होतं.

आईने एक डोळा मिटून खूप वेळ बघितलं. मग वर बघून विचारलं, "आनि तुजी मॅडम काय म्हंतं?"

"मॅडमचा विश्वास नाही बसत."

"मासली खातं का ती?"

"नाही ग आई. शाकाहारी आहेत त्या."

"मंग!" आई उठल्या, पदर खोचला. "जी बाय मासलीला हात लावत नाय, तिना खरा-खोटा काय कलनार?"

मॅडम मागेच उभ्या होत्या. आम्हाला वाटलं आता भडका उडेल. पण मॅडम अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "तुमची शंका मला मान्य आहे. पण माझीही शंका आहे." आई म्हणाल्या, "मार्चपत्तर मिटवा मंग काय ता," आणि निघून गेल्या.

*

फेब्रुवारीत जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं. वार्षिक आढाव्याला पुण्याहून एक प्राध्यापक आले होते. सुवर्णाने चित्रं दाखवली. सिग्नल चालू असलेल्या सगळ्या काचांत भरपूर हिरवं, सिग्नल बंद असलेल्या सगळ्या काचांत नुसतं लाल. स्वच्छ, देखणी चित्रं.

प्राध्यापक खुर्चीत मागे रेलले. "फारच नीटनेटकं आहे. कुठली काच कुठल्या गटातली हे तुम्हाला मोजताना माहीत होतं?"

"हो, सर."

"म्हणजे जे दिसायला हवं होतं, ते तुम्हाला दिसलं."

सुवर्णाने मॅडमकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच बघितलं. आता त्या उठतील आणि त्या माणसाला चार शब्द सुनावतील.

मॅडम म्हणाल्या, "मलाही हीच शंका आहे."

मला इतका राग आला की मी मीटिंग सोडून बाहेर गेलो. अण्णाकडे तीन चहा प्यायलो. अशी कसली बाई ही? पाच वर्षं पोरगी तुमच्याकडे राबते, आणि चारचौघांत तुम्ही तिची बाजू घेत नाही? सुवर्णा बाहेर आली तेव्हा मी हे सगळं तिला बोललो. ती फक्त एवढंच म्हणाली, "त्यांनी खोटं बोलून माझी बाजू घेतली असती, तर चाललं असतं का तुला?"

मला चाललं असतं. अजूनही चाललं असतं, खोटं कशाला बोलू!

*

आता शेवटचा. हा मी कुणालाही सांगितला की लोक म्हणतात, परब, पदरचं घालतोयस. घालत नाहीये.

आढाव्यानंतर मॅडमनी ठरवलं की मोजणी पुन्हा होणार, आणि काच कुठल्या गटातली हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. एकूण चौदा काचा, दोन डब्यांत. एका डब्यातल्या सिग्नल चालू असलेल्या, दुसऱ्यातल्या बंद केलेल्या. काचांवरची नावं झाकून नवीन खुणा घालायच्या, खुणांची यादी पाकिटात सील करायची आणि पाकीट मॅडमच्या कपाटात. मोजणी सुवर्णाने करायची. मोजणी जुळली तर सही.

पण खुणा घालणार कोण? सुवर्णा नाही. मी नाही, कारण "तू तिचा मित्र आहेस." स्वतः मॅडम नाहीत, कारण "मला उत्तर माहीत असेल तर माझ्या चेहऱ्यावर दिसेल." उरले बळीरामकाका.

"आणि आकडे घालू नका," मॅडमनी काकांना बजावलं. "आकड्यांत क्रम येतो. क्रमावरून माणूस ओळखतो. कसलाही संबंध नसलेले शब्द घाला."

काका दार लावून दुपारभर बसले. चौदा काचांवर कागदाची पट्टी, पट्टीवर बॉलपेनने एकेक शब्द. सील केलेलं पाकीट त्यांनी मॅडमच्या हातात दिलं तेव्हा त्यांना भयंकर अभिमान वाटत होता.

मार्चचा शेवटचा आठवडा. सुवर्णा मायक्रोस्कोपवर बसली. मी शेजारी वही घेऊन. तिने पहिली काच उचलली आणि पट्टीवरचं नाव वाचलं. निवटी. दुसरी उचलली. सुरमई. तिसरी. चिवणी. चौथी. हलवा.

तिने काचा खाली ठेवल्या. पुढची एकही बघितली नाही. डोळा मायक्रोस्कोपला लावलाच नव्हता अजून.

"काय झालं?" मी विचारलं.

"परब, मला सगळं कळलं रे."

मला काही कळेना. मग तिने हळू आवाजात सांगितलं. निवटी, चिवणी ही खाडीची मासळी, चिखलातली, गावाजवळची. सुरमई, हलवा दर्याची, बाहेरून येणारी. काकांनी एका डब्यातल्या काचांना खाडीची नावं घातली होती आणि दुसऱ्या डब्यातल्या काचांना दर्याची! त्यांना पत्तासुद्धा नसणार. हाताला आलं ते नाव लिहिलं, पण डबा बदलला तसं त्यांच्या डोक्यातलं पाणीही बदललं. कोळ्याच्या पोरीपुढे तो कोड म्हणजे उघडं पुस्तक होतं. एक काच बघितली की बाकीच्या न बघताच कळणार.

"बोलू नकोस कोणाला," मी म्हटलं. खरंच म्हटलं. "तू मोज. तसंही तुझं उत्तर बरोबरच आहे. चार दिवस राहिलेत, सुवर्णा. नव्याने कोड घालून, मोजून होणार आहे का? सही घे आणि मोकळी हो."

ती खूप वेळ हातमोजे काढत बसली. एक काढला, परत घातला. रडवेली झाली होती. मग उठली आणि सरळ मॅडमच्या केबिनमध्ये गेली. मी मागोमाग.

"मॅडम, मला कोड कळला."

मॅडमचा चेहरा दगडासारखा. "पाकीट उघडलंस?"

"नाही. नावं वाचली. ही माशांची नावं आहेत. कुठला मासा कुठे मिळतो ते मला…"

"थांब!" मॅडम केवढ्या ओरडल्या! "पुढे एक अक्षर बोलू नकोस." त्यांनी टेबलावर ठेवलेला काचांचा ट्रे स्वतःकडे ओढला आणि एकेक पट्टी वाचली. कपाळावर आठ्या. "घोळ म्हणजे मासा असतो?"

"हो, मॅडम."

"मला तर घोळ म्हणजे भाजी माहीत आहे. यातलं मला काय कळतं?"

सुवर्णाने जरा विचार केला. "काहीच नाही, मॅडम."

मॅडमना असं तोंडावर कधी कोणी म्हटलं नसेल. त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू काय आलं असेल? हसू! "मग मीच मोजते," त्या म्हणाल्या.

दोन दिवस लॅबमध्ये मासा हा शब्द उच्चारायला बंदी. डब्यात काय आणलंय ते सांगायला बंदी. मी बोंबील आणले होते, ते जिन्यात बसून खाल्ले. काका तोंड पाडून फिरत होते. "मी मुद्दाम नाय केला," ते दर तासाला मला सांगायचे. "काच हातान घेतली का नाव येयाचा." सुवर्णा खिडकीपाशी बसून प्रबंधाची पानं उगाच सरळ करत होती. तिने काही खाल्लं नाही, न पहिल्या दिवशी, न दुसऱ्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी सगळ्यांना बोलावलं. त्यांच्या लाल पेनाने लिहिलेला तक्ता टेबलावर. चौदा नावं, प्रत्येकासमोर हिरवं किती, लाल किती. मग त्यांनी आमच्यासमोर पाकीट फोडलं आणि काकांची यादी शेजारी ठेवून एकेक नाव जुळवायला घेतलं. सुरमई, सिग्नल चालू, हिरव्या वाहिन्या. जुळलं. निवटी, सिग्नल बंद, नुसत्या लाल. जुळलं. हलवा, जुळलं. चिवणी, जुळलं. घोळ, जुळलं. सुवर्णाने माझा दंड इतका आवळून धरला होता की दोन दिवस वळ राहिला.

तेरा जुळले. चौदाव्यापाशी मॅडम थांबल्या. तिथे त्यांच्या तक्त्यात हिरवं निम्मं आणि लाल निम्मं होतं, आणि पुढे त्यांचं ते लाल प्रश्नचिन्ह. काकांच्या यादीत दोन रकाने होते, एक चालूचा, एक बंदचा. हे एकच नाव काकांनी दोन्ही रकान्यांच्या मधोमध, रेघेवर लिहिलं होतं. जिताडा.

सुवर्णाचा हात माझ्या दंडावरून गळून पडला.

मॅडमनी प्रबंध ओढला, पहिलं पान उघडलं आणि सही केली. "चौदाच्या चौदा जुळले असते, तर केली नसती," त्या म्हणाल्या.

सुवर्णाला हसावं की रडावं कळेना, तिने दोन्ही केलं. मीपण. मॅडमनी तिला खुर्चीत बसवलं आणि स्वतःच्या बाटलीतलं पाणी दिलं. मग त्या काकांकडे वळल्या.

"बळीराम, हा जिताडा. हा कुठला?"

"त्यो दोनीकरं ऱ्हातो, मॅडम. खाडीनपन आनि दर्यानपन."

"मी माशाचं विचारत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "काचेचं विचारतेय. ही काच कुठल्या डब्यातली?"

काकांनी आमच्याकडे बघितलं, मग मॅडमकडे.

"मीपन काचंचाच सांगतंय, मॅडम. तिच्यावर चालूपन लिवलेला, बंदपन."